खाटेखालचा गहू

मक्वाला,

खाट रिकामी दिसली म्हणून तिबिलिसीला नवऱ्याला फोन लावू नकोस. तुझी सासू मेलेली नाही, काठी टेकत चर्चला गेली आहे. आज गुड फ्रायडे. चार महिन्यांनी पाय चालताहेत, तर आधी देवाला दाखवून येते.

माझ्या मयताला शिजवायचा म्हणून उशाजवळच्या पेटीत ठेवलेला गहू शोधू नकोस. पंधरवड्यापूर्वी मीच तो ईस्टरसाठी थाळीत पेरला. गोळी गिळायला तू पाणी द्यायचीस, त्यातलं अर्धं रोज त्यालाच. शिजवा नाहीतर पेरा, त्या गव्हाकडून आपलं मागणं एकच, मातीत गेलेलं पुन्हा उठावं. म्हटलं, यंदा पेरून मागू.

मला पुरताना घालायचा काळा झगा तू गुपचूप इस्त्री करून ठेवलास, तेव्हा मी जागी होते. राग नाही गं. त्याच हातांनी तू मला सूप भरवलंस, पोटच्या पोरीनं केलं नसतं इतकं केलंस.

थाळी खाटेखालून काढून खिडकीत ठेव. अंडी लाल रंगवलीस की त्यातच मांड. अंधारात वाढलाय, गहू पिवळा दिसेल. गेला म्हणून टाकू नकोस, उन्हात हिरवा होईल. मीही तशीच दिसत होते, मला टाकलंस का?

त्सियाला