गच्चीवरच्या तिघी

आई,

लांबूनच पाया पडतो. पाठीवरून हात फिरवलास असं धरून चालतो.

मी बरा आहे. पायऱ्यांवरून घसरलो, पण फुटली ती मोठी लेन्स. माझं मनगट नुसतं सुजलंय, म्हणून माझ्या वाकड्या अक्षराला हसू नकोस. तुझा गुडघा काय म्हणतो?

आता एकच साधी लेन्स उरली आहे. ज्या गावाचे फोटो काढायला आलोय, ते अख्खं तिच्यात मावत नाही. मग मी एका जागी उभा राहून कॅमेरा थोडाथोडा वळवत फोटो काढतो आणि नंतर ते शेजारीशेजारी जोडतो.

काल समोरच्या गच्चीवर एक म्हातारी कपडे वाळत घालत होती. मी कॅमेरा वळवला, तशी तीही दोरीच्या कडेनं सरकत गेली. जोडलेल्या फोटोत एकाच गच्चीवर ती तीनदा आली! फोटो फुकट गेला म्हणून पुसणार होतो, पण आधी तिला नेऊन दाखवला. ती पोट धरून हसली.

"हाच छापून दे," म्हणाली. "मुलाला पाठवते. सारखा विचारतो, एकटी कशी राहतेस? म्हणावं बघ, आम्ही तिघी आहोत."

आज फोटो द्यायला गेलो तेव्हा ती जेवायला बसत होती. ताट एकच होतं.

तू फोनवर म्हणतेस, "माझी काळजी नको, घर माणसांनी भरलेलं असतं." कोण कोण येतं गं? मी विचारलंच नाही कधी. पुढचं काम दुसऱ्याला दिलंय. रविवारी पोचतो.

तुझा,
धाकटा