रांगेतला जाणकार

५ जानेवारी
बायकोने आणि मेहुणीने बंदरावरच्या खाद्यमहोत्सवात स्टॉल घेतला. मला विचारलं नाही, सांगितलं. कोळंबीचं सूप आणि पाव, एवढंच विकणार. आयुष्यभर विमा कंपनीत जोखीम हाच माझा विषय होता, म्हणून शांतपणे समजावलं की एकाच पदार्थावर स्टॉल लावणं म्हणजे आत्मघात. मेहुणी म्हणाली, भावोजी, तुम्ही फक्त गाडीतून पातेली पोचवा. मी मनाला लावून घेतलं नाही. लावून घेतलं असतं तर इथे लिहिलं असतं.

८ जानेवारी
घरात तिन्ही त्रिकाळ सूप. आज बायकोने चमचा थेट तोंडाजवळ आणला. मी मान फिरवली. घरच्या माणसाचं मत पक्षपाती असतं, हे तिला पटवून दिलं. तिने ते सूप स्वतःच पिऊन टाकलं. पटलं असावं.
नंतर लसूण सोलताना, माझ्याकडे न बघता म्हणाली, स्टॉल चालला तर जेट्टीजवळचं बंद दुकान भाड्याने घ्यायचा विचार आहे. मी म्हटलं, बघू. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

१० जानेवारी
संकल्प: उद्या स्टॉलकडे फिरकायचं नाही. माणसं तोंडघशी पडत असताना ओळखीचं कोणी बघत असलं की जास्त लागतं. त्यापेक्षा बाकीचे स्टॉल पाहून अभ्यासपूर्ण रिपोर्ट द्यावा. पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. पुढच्या वर्षी त्या दोघी स्टॉल लावणार नाहीत, तरी.

११ जानेवारी, महोत्सव
सकाळी पातेली फाटकावर उतरवली. आत गाड्या सोडत नव्हते. बायको म्हणाली, आत येऊन जागा तरी बघा. म्हटलं, नंतर.

दुपारी
गर्दी इतकी की आपण चालत नाही, नेले जातो. पँटवर कुणाचा तरी सॉस. कुणाचा, ते कळायच्या आत माणूस पुढे गेला. उपाशीच आहे, कारण माझी पद्धत ठरलेली: सगळ्यात लांब रांग शोधायची आणि डोळे मिटून तिथे उभं राहायचं. शोधली. बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला वळसा घालून गेली आहे, पुढचं टोक दिसत नाही. लिहीत असतानाही रांगेतच आहे.
माझ्यामागे आमचा न्हावी. त्याला रांगेचं शास्त्र समजावलं. त्याने मन लावून ऐकलं. जाणार कुठे? पलीकडून लोक कागदी वाट्या पावाने पुसत, नाकं ओढत येताहेत. एकाला विचारलं काय आहे, तर तोंड भरलेलं, नुसता हात वर केला. न्हाव्याला म्हटलं, आमच्या लोकांनी इथे येऊन शिकायला हवं. त्याने विचारलं, तुमचे लोक काय विकतात? म्हटलं, आहे असंच काहीतरी, मागे कुठेतरी.
बायकोचे लागोपाठ फोन. रडवेली झाली असणार. पण रांग सोडून धीर द्यायला जाणं शक्य नाही. उचलले नाहीत.

संध्याकाळी, घरी
भिंतीचा कोपरा वळलो तर समोर मेहुणी पाव कापत होती. तिच्या शेजारी बायको, हातात डाव, केस कपाळाला चिकटलेले. मान वर करायला फुरसत नव्हती.
मी पुढच्यांना मोठ्याने सांगितलं की मी यांचा नवरा, मला आत जाऊ द्या. कोणी तसूभर हललं नाही. न्हावी हळूच म्हणाला, “साहेब, नवरा असता तर आत नसता का?”
लोक हसले. मीही हसलो. वातावरण सांभाळावं लागतं.
माझा नंबर आला तेव्हा बायकोने पातेलं तिरपं केलं. डाव तळाला खरडला. जेमतेम एक वाटी निघाली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग वाटी माझ्या खांद्यावरून न्हाव्याला दिली.
“ते गिऱ्हाईक आहेत,” म्हणाली. “तुम्ही पातेली उचला.”
न्हावी तिथेच उभा राहून प्यायला. एकदाही मान वर केली नाही. मी पातेली उचलली. रिकामी पातेलीही जड असतात, हे निरीक्षण रिपोर्टमध्ये घालावं.

१२ जानेवारी
दोघी सकाळीच बाहेर पडल्या. दिवसभर रिपोर्टचं पहिलं वाक्य लिहिलं. जमलं नाही.
दिवेलागणीला बायको परतली. दुकान घेतलं म्हणाली, किल्लीही मिळाली. मी आवाज न चढवता म्हणालो, एवढा मोठा निर्णय, निदान मला विचारायचं तरी.
चपला काढता काढता ती म्हणाली, “विचारायलाच तर काल फोन करत होते. मालक समोर उभे होते.”
याला माझ्याकडे चोख उत्तर आहे. पण ती आडवी झाली आणि लगेच झोपलीसुद्धा. उद्या देईन. तोवर पातेली घासून ठेवतो.