डिस्कवरचा वारा

रविवार, ३ मार्च

ब्रेक लागला. पण तिसऱ्यांदा पाय मारल्यावर! रेसिंग ट्रॅकचा सरळ पट्टा संपतो तिथं वळायच्या ऐवजी पोरीची गाडी नाकासमोर वाळूत गेली आणि टायरांच्या भिंतीपासून दोन हातांवर थांबली. मी कठड्याला धरून उभा. हेल्मेट काढून हसते कशी — “बाबा, पेडल पार तळाला गेलं.” मीही हसलो. कठडा मात्र सोडला नव्हता.

ब्रेक ऑईल उकळलं. स्पोर्ट्स कार झाली तरी बांधलेली रस्त्यासाठी. ट्रॅकवर वीस मिनिटं सलग दामटली की ब्रेक जिला आवळतो ती चाकातली डिस्क लालबुंद होते, तिला वारा पुरत नाही.

मंगळवार, ५ मार्च

ही म्हणाली, “अहो, विकायला लावा ती गाडी.”

म्हटलं, गाडी तिच्या पगाराची. मी कोण सांगणार?

“मग निदान ती थांबेल असं तरी बघा. गॅरेज कशाला काढलंय?”

तीस वर्षं भल्याभल्या गिऱ्हाइकांना बोलण्यात गुंडाळत आलोय. घरात आपली मात्रा चालत नाही.

गुरुवार, ७ मार्च

पुढच्या दोन्ही चाकांमागचे पत्रे काढले. बंपरमध्ये दिव्यांखाली भोकं पाडली, तिथून मनगटाएवढी जाड नळी आत डिस्कपर्यंत नेली. नळीच्या टोकाला बसवायची तोटी लेथवाल्याकडून करून घेतली. त्यानं विचारलं, “शेठ, वारा डिस्कच्या दोन तोंडांमधल्या पोकळीत सोडायचा की आतल्या तोंडावर?”

म्हटलं, तापतं काय? तोंड. मग तोंडावरच.

“एकदा पुस्तकात बघा की.”

पुस्तकं बघत बसलो असतो तर अजून दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसत असतो, म्हटलं.

“बघा बुवा. तुमचं गॅरेज, तुमची पोरगी.”

शेवटचे दोन शब्द त्यानं बोलायला नको होते. दिवसभर कानात आहेत.

शनिवार, ९ मार्च

नळ्या चारदा हलवून पाहिल्या. घट्ट आहेत. पाचव्यांदाही पाहिल्या.

रविवार, १० मार्च

डिस्कच्या कडेला उष्णतेनं पालटणारा रंग लावला होता. फार तापली की तो पांढरा पडतो. आज पडला नाही! पेडल तळाला गेलं नाही. “जादू केलीत बाबा!” सगळ्यांसमोर म्हणाली. मी कठड्याशी कॉलर ताठ करून उभा, येईल त्याला नळी कशी नेली ते सांगत होतो.

पण गाडी सावकाश आत येताना पुढच्या डाव्या चाकातून आवाज आला. टिक्. चाकाच्या एका फेऱ्याला एक. बाकी कुणाला ऐकू आला नसेल. पोरीला विचारलं, पेडल कसं वाटतंय? “झकास.” मग मी पुन्हा लोकांना नळी दाखवायला वळलो. खडा अडकला असेल.

खडा नाही तो. खड्याचा आवाज मला कळतो.

सोमवार, ११ मार्च

गॅरेजचं शटर अर्धवट उघडून एकट्यानं चाक काढलं. डिस्कच्या आतल्या तोंडावर, जिथं माझा वारा लागत होता तिथं, केसासारख्या भेगा. एक तर थेट कडेपर्यंत. नख अडकतं. बाहेरचं तोंड स्वच्छ.

एक बाजू धगधगती, दुसरीवर सतत गार झोत — तापलेल्या काचेवर पाणी ओतावं तसं केलं मी. मधल्या पोकळीतून वारा खेळला असता तर दोन्ही तोंडं सारखी निवली असती. पुढच्या खेपेला सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबल्यावर डिस्कचे दोन तुकडे झाले असते. आणि पोरगी आत.

शटर पूर्ण वर केलं.

लेथवाल्याला बोलावून डिस्क दाखवली. वाटलं, आता ऐकवतो. त्यानं भेगेवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाला, “पोकळीचं माप द्या. नवीन तोटी करतो.”

मंगळवार, १२ मार्च

पोरीला सगळं सांगितलं, भेगा दाखवल्या. चिडेल म्हणून तयारीत होतो. तिनं डिस्क खाली ठेवली.

“मला दुसऱ्याच फेरीला कळलं होतं बाबा. पेडल पायाखाली थरथरत होतं.”

मग थांबली का नाहीस?

“तुम्ही एवढे खुश दिसत होतात.”

त्यानंतर अकरा फेऱ्या मारल्यात तिनं.