निवडणूक नसताना जमा केलेली बंदूक

बाबा, आज रविवार, दुपारचे साडेबारा. मी घाटकोपरच्या घरात ओट्याशी उभं राहून लिहितोय, कारण आनंदाने बसवतच नाहीये. तुम्ही गेल्यावर तुमची दुनळी बंदूक दादाने रीतसर लायसन काढून स्वतःकडे घेतली आणि तुमच्यासारखाच सराफाच्या दारात पहाऱ्याला उभा राहू लागला. गेल्या वर्षी ते दुकान बंद पडलं, वहिनी माहेरी गेली, आणि दादा दिवसदिवस बंदूक मांडीवर घेऊन बसायला लागला. पुसतोय म्हणायचा. एकदा आईला म्हणाला, "माझं काय गं, एक काडतूस पुरे." तेव्हापासून आई काडतुसं तांदळाच्या डब्यात लपवते आणि कामावर फोन वाजला की मी दचकतो. पोलिसांत जायची हिंमत झाली नाही. जीप दारात आली तर दादा काय करेल? आणि लायसन कायमचं गेलं तर त्याला पुन्हा कोण कामावर ठेवेल?

मी मुलुंडला टायपिंगच्या दुकानात आहे. दहावीनंतर शिकलो नाही, पण माझे ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाहीत, म्हणून वकील मजकूर माझ्याकडेच देतात. गुरुवारी एक वकीलबाई कायद्याचा मसुदा घेऊन आल्या. त्यांची संस्था तो सरकारला पाठवणार आहे. जिवाला धोका वाटला तर घरच्यांनी थेट कोर्टात अर्ज करायचा, कोर्टाने ठरावीक मुदतीसाठी बंदूक काढून घ्यायची, माणूस सावरला की परत द्यायची. तिथे माझे हात थांबले. बाईंनी विचारलं, "काय रे, माझं अक्षर वाचता येत नाही का?" मग मी त्यांना घरचं सगळं सांगून टाकलं, एका दमात, कधी कुणाला सांगितलं नव्हतं तेही.

सांगताना मला निवडणुकीचे दिवस दिसत होते. आचारसंहिता लागलीय, तुम्ही बंदूक खांद्यावर टाकून ती जमा करायला मला पोलीस ठाण्यात नेताय, हवालदार पावती लिहितोय. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात तुमच्या हातात नुसती काठी. शेठ हसतोय, "काय, वाघ आज दात घरी विसरला?" तुम्ही म्हणताय, "दात पोलिसांकडे ठेवलेत शेठ, पावती आहे." तुम्हाला त्यात कमीपणा वाटायचा नाही, कारण सगळ्यांच्याच बंदुका जमा व्हायच्या. आई म्हणायची, निवडणूक आली, बंदूक बाहेर गेली की घर मोठं होतं. मी बाईंना म्हणालो, "तशीच पावती द्या मॅडम. माणसाला वेडा ठरवू नका." त्यांनी पेन काढलं आणि ते समासात लिहून घेतलं. बाबा, कायद्याच्या कागदावर तुमची पावती!

आज सकाळी चहाच्या वेळी मी दादाला सगळं सांगितलं. कप विसळता विसळता आई थांबली. "म्हणजे तू मला कोर्टात खेचणार?" दादा म्हणाला.

"कायदा आलाय कुठे अजून? पण आला तर पहिला अर्ज माझा."

"लई शहाणा झालास रे! आणि परत देतील?"

"देतील. पावतीवर."

त्याने उठून शर्ट चढवला. "कायदा येईपर्यंत मी टिकलो नाही तर? चल, आत्ताच जमा करू. आई, तांदळातली काडतुसं दे. मला काय माहीत नाही होय?" आई रडायला लागली आणि रडता रडताच हसली.

ठाण्यात हवालदाराने विचारलं, "आता कुठली निवडणूक?" दादा म्हणाला, "माझं डोकं ठिकाणावर नाही साहेब. ते ठिकाणावर येईपर्यंत ठेवा." हवालदाराने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं, खुर्ची पुढे सरकवली, चहा मागवला आणि पावती लिहिली. घरी येऊन दादा झोपलाय. घोरतोय, आणि आई दाराशी बसून ते ऐकतेय.

बंदूक परत मिळेल असा शब्द मी त्याला दिलाय. मसुद्यातही 'परत' हवंच, नाहीतर कोण जमा करेल? पण तुमची एवढी जपलेली वस्तू या घरात पुन्हा कधीच येऊ नये, असं मला वाटतं. हे दादाला सांगितलेलं नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाही सांगायचा धीर झाला नसता.