जुन्या कार्डाची टिकटिक

२५ ऑगस्ट, सोमवार

पुन्हा बंद पडलं! आठवड्यात तिसऱ्यांदा. पैंजणाच्या छत्तीस घुंगरांपैकी बावीस काढून झाली होती आणि कॉम्प्युटरची स्क्रीन काळी. पाच मिनिटं त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसले. चिडायला हवं होतं. चिडले नाही. उठून चहा केला, तो प्यायचाच राहिला.

ग्राफिक्स कार्ड तापतंय. स्क्रीनवरची सगळी चित्रं तेच काढतं आणि त्याचा पंखा गेल्या दिवाळीच्या आसपासपासून टिकटिकतोय. आता टिकटिक कमी, घरघर जास्त. वारा लागावा म्हणून कॅबिनेटचं एका बाजूचं झाकण दीड वर्षापूर्वीच काढून ठेवलंय, तरी हीच तऱ्हा. पाच वर्षांचं कार्ड. म्हातारं झालं बिचारं.

नवं घ्यायचं का? घ्यायचं तर साधं, की सगळ्यात वरचं? एवढंच ठरवायचंय. एवढं तरी ठरवता यावं.

२६ ऑगस्ट

तोहिदला फोन केला. कॉलेजपासूनचा मित्र, शाहूपुरीत कॉम्प्युटरचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, "आधी मशीन घिऊन ये की. उघडून बघूया. उगंच नवं कशाला घालतीस गळ्यात?" धंदा करायची अक्कल नाही ह्याला!

आणते म्हटलं. आणणार नाही. टेबलाखालून ओढायचं, वायरी सोडवायच्या, रिक्षात घालायचं... एवढं सगळं कोण करणार? फेब्रुवारीपासून त्या टेबलाखाली झाडूसुद्धा फिरलेला नाही. आई म्हणते मी मारते, तर तिलाही मारू देत नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गल्लीत घरोघरी गणपती. आमच्याकडे यंदा सण नाही, आण्णांना जाऊन वर्ष व्हायचंय. शेजारून मोदकांचं ताट आलं. आई ते ताट मांडीवर घेऊन रडली. मी कार्डांची परीक्षणं वाचत होते. सोळा कार्डं, सोळा तक्ते. कुठलं किती तापतं, कुठलं किती आवाज करतं. एक मोदक खाल्ला. गोड होता बहुतेक.

३० ऑगस्ट, शनिवार

हुपरीला जाऊन आले. धैर्यशीलदादांकडे पुढच्या खोलीत नेहमीसारखी माणसं मांडी घालून पैंजणांना घुंगरं जोडत बसलेली. त्यांनी कागदांचा गठ्ठाच पुढ्यात टाकला. चाळीस डिझायनी. "म्याडम, दसऱ्याला सकाळी पार्टी येणार. चांदी वितळवायच्या आधी त्यास्नी व्हिडिओ दावायचा. बाई चालली की घुंगरू हाललं पायजे, चमाकलं पायजे. खोटं वाटता कामा न्हाय."

हे माझं काम. अजून नसलेलं पैंजण असल्यासारखं दाखवायचं. चांदी काढायला सगळ्यात अवघड – तिच्यात आजूबाजूचं सगळं दिसतं, एका घुंगरात शेजारची पाच. कार्डाचा जीव जातो तो तिथेच.

परतीच्या एसटीत आण्णांचं बोलणं आठवलं. "हातात घेता येत न्हाय ते काम कसलं?" शेवटपर्यंत ते माझ्या कामाला खेळच म्हणाले. दारातून डोकवायचे – "काय, खेळ चाललाय व्हय?" – आणि जायचे. मी त्यांचीच मुलगी, मीही कधी या, बसा, बघा म्हटलं नाही.

३ सप्टेंबर

जोतीरामकाका आले होते. उद्यमनगरात आण्णांच्या शेडला लागून त्यांची शेड. आण्णा लेथजवळच्या स्टुलावर बसले आणि उठले नाहीत, तेव्हा त्यांना उचलून नेणारे काकाच. आल्या आल्या डोळे पुसले, मग मुद्द्यावर आले. "पोरी, मशीन नुसती हुबी ऱ्हायली तर गंजंल. मला इकत दे. मी चालती ठेवतो."

आण्णांची लेथ. चाळीस वर्षं त्यांनी तिच्यावर लोखंड कातलं. घरी आले की अंगाला त्या तेलाचा वास यायचा, साबणानं जायचा नाही.

आई म्हणाली, "तुझं तू बघ." आजकाल ती सगळ्यालाच असं म्हणते.

लेथ दिली तर सगळ्यात वरचं कार्ड येतं. न दिली तर साधं कार्ड आणि एक गंजणारी लेथ. ह्यात विचार करण्यासारखं काय आहे? तरी विचार होत नाही. विचार करायला बसले की फक्त बसलेली असते.

८ सप्टेंबर, सोमवार

पक्ष पंधरवडा लागला. आईनं बजावलं – "पंधरवड्यात नवी वस्तू घरात आणायची न्हाय." बरं झालं, ठरवणं दोन आठवडे पुढे गेलं. तोहिदला सांगितलं तर हसला. "माझाबी पंधरवडाच चाललाय की! एक गिऱ्हाईक फिरकंना. पर मशीन आणून दाखवायला कसला आलाय पंधरवडा?"

उद्या आणते म्हटलं.

९ सप्टेंबर

नेलं नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

आजपर्यंत अकरा डिझायनी झाल्या आणि बाराव्या डिझायनीला बंद. काळी स्क्रीन. आणि एकदम गेल्या वर्षीची खंडेनवमी आठवली. कुठे लिहिलं नव्हतं. लिहून टाकते.

त्या दिवशी सकाळी आण्णा नेहमीसारखे शेडवर गेले. खंडेनवमीला लेथ रॉकेलनं धुवायची, पुसायची, झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता. पाने-पकडी पाटावर मांडून त्यांचीही पूजा. नारळ. लहानपणी मी जायचे बरोबर. जाताना मी म्हटलं – चेष्टेतच म्हटलं – "आण्णा, माझ्या मशीनची पण करा की पूजा." तर म्हणाले, "हत्यारांची पूजा असतीया. खेळण्याची न्हाय."

चेष्टेवर चेष्टा असेलही. मला लागलं. मशीनवर काम लावून मी हुपरीला निघून गेले. अकरा तासांचं काम होतं, संध्याकाळी तयार मिळणार होतं. परत आले तर कॉम्प्युटर बंद! भिंतीवरचं बटणच बंद केलेलं. सगळं पाण्यात. आण्णा बाहेर खुर्चीवर पेपर वाचत होते. आई देवळात गेली होती.

मी काय काय बोलले! तुमचं ते लोखंड तेवढं काम, आणि माझं काय? माझं चाललेलं बघवत नाही का तुम्हाला?

ते एवढंच म्हणाले – "आज बंद ठेवायचं असतंय."

हुकूमच! सण तुमचा आणि काम माझं बुडालं. त्यानंतर आमचं बोलणं पाणी तापलंय का, गॅस आलाय का, एवढ्यावर आलं. चार महिने. मग ते गेले. बाराव्याला सगळे माझ्याकडे बघत होते, ही रडत कशी नाही म्हणून. मीही वाट बघत होते. नाही आलं रडू. अजून नाही. अंगाला मार लागून बधिर व्हावं तसं आहे, आणि सात महिने झाले तरी उतरत नाही.

१८ सप्टेंबर

सगळ्यात वरच्या कार्डाचे फोटो बघत होते. तीन पंखे, वीटभर जाड. हे घरात आलं असतं तर आण्णांनी हातात घेऊन वजन बघितलं असतं. "ह्याला वजन हाय की," म्हणाले असते कदाचित.

म्हणजे हे त्यांना दाखवायला घ्यायचंय होय मला? बघायला आहे कोण? बंद केलं सगळं आणि भांडी घासली.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. देवळाकडचे रस्ते बंद, गाड्या आमच्या गल्लीतून वळवल्यात, दिवसभर हॉर्न.

ठरलं. म्हणजे ठरवलं असं नाही – धैर्यशीलदादांचा फोन आला, "हुतंय न्हवं म्याडम? न्हायतर दुसरीकडं बघायला लागंल," आणि त्या फोननंतर मी दोन फोन केले. एक तोहिदला – सगळ्यात वरचं मागव. "अगं उघडून तरी..." "मागव म्हटलं ना!" एक जोतीरामकाकांना – घेऊन जा.

काका म्हणाले, "नवमीच्या आत नेतो. नवमीला आमच्या शेडात पुजायची तिला."

दोन्ही फोन मिळून दहा मिनिटं. एवढ्यासाठी महिना घालवला.

२७ सप्टेंबर, शनिवार

लेथ गेली.

सहा माणसं, साखळी, टेम्पो. जमिनीवर तिचे चार पाय होते तिथे चार स्वच्छ चौकोन राहिले, बाकी फरशी काळी. काकांनी टेम्पोत चढण्याआधी लेथला हात जोडले. मग मला म्हणाले, "गेल्या नवमीला आण्णानं हितं नारळ फोडला आन लगीच निघालं. मी म्हणलं, थांबा की जेवायला. तर म्हणलं, घरी बी एक मशीन हाय, ती ऱ्हायलीया."

आईचं शिलाई मशीन. त्यालाही दर वर्षी फूल वाहायचे.

घरी येऊन हात धुतले. काही वाटलं नाही. लिहून ठेवते, कारण पुढे कधी वाटेल तेव्हा आज वाटलं नव्हतं हे माहीत असावं. आईनं विचारलं, "गेली?" म्हटलं, "गेली." तिनं वाटाण्याच्या शेंगा सोलायला घेतल्या. मीही बसले सोलायला.

२८ सप्टेंबर

एकतीस डिझायनी झाल्या. मशीनसमोर टेबलफॅन लावून. नऊ बाकी.

३० सप्टेंबर, मंगळवार

कार्ड आलं! तोहिद स्वतः घेऊन आला. खोका एवढा मोठा की आईला वाटलं मिक्सर आहे. तोहिद बसवून देतो म्हणत होता. नको म्हटलं, उद्या सकाळी मीच बसवते. तो चहा घेता घेता टेबलाखाली वाकला. "काय गं ही धूळ! आण्णा असतं तर शिव्या घातल्या असत्या. मशीन पुसल्याबिगर त्यांनी कधी कुलूप लावलं न्हाय शेडला."

तो गेल्यावर खोका उघडला. छान आहे. जड आहे. हातात धरून बसले थोडा वेळ. आनंद व्हायला हवा, झाला नाही. नऊ डिझायनी, उद्या दिवसभरात होतील. संध्याकाळी धैर्यशीलदादांना पाठवायच्या, की सुटले.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी जुनं कार्ड काढून उलटं केलं. पंख्याच्या पात्याखाली तांदळाचे दोन दाणे अडकलेले. कुंकू लावलेले. फटीत झेंडूची पाकळी, वाळून काळी पडलेली. आणि कडेच्या पत्र्यावर कुंकवाचं एक बोट. जाड बोट.

आईसमोर धरलं. ती म्हणाली, "व्हय, गेल्या नवमीला त्येंनीच पुजलं की. शेडवरनं मुद्दाम लवकर आलते. वरचं फूल परत त्येंनीच काढलं, म्हणलं सांगू नको, पोरगी हसंल. मग मी इसरूनच गेले बघ."

दाणे नखानं काढले. पंखा बोटानं फिरवला. फिरला. आवाज नाही.

मग रडले. आईनं जवळ घेतलं तरी थांबेना.

अकराला धैर्यशीलदादांचा फोन. "आमची हत्यारं पुजून झाली म्याडम, कारखाना बंद. तुमचं तर चालूच असणार की! संध्याकाळी पाठवतायसा न्हवं?"

म्हटलं, "न्हाय दादा. उद्या. आज बंद ठेवायचं असतंय."