पाच नकार पाहिजेत

१२ जानेवारी
सुनील सरांचं डोकं फिरलंय! उद्योजकतेच्या तासाला म्हणाले, "चिकाटी शिकायचीय ना? मग काहीतरी विकायला जा आणि महिनाभरात पाच जणांकडून स्पष्ट नकार घेऊन या."
त्यात काय, नकार तर अख्खं निमगाव देईल. वस्तू ठरली — ट्रॅक्टरच्या सीटवर टाकायची लोकरीची बैठक. लोकर आमच्याच मेंढ्यांची, शिवणार आई.
पप्पा म्हणाले, "मेंढ्या ऱ्हायल्या तर लोकर." मेंढ्या विकत मागायला मंचरचा व्यापारी दर आठवड्याला येतो. पप्पा त्याला "बघू" म्हणतात. एक दिवस "न्या" म्हणतील, याची मला धास्ती आहे.

१५ जानेवारी
मंचरला कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे. अवसरीच्या गोरखभाऊंना गाठलं. "लई झ्याक हाय. बघू की."
म्हटलं, नको असेल तर नको म्हणा.
"लेकीला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं? चा घे."

१७ जानेवारी
गावातल्या कोंडाबाईंना बैठक दाखवली. म्हणाल्या, "मालक आलं की इचारते." मालक मागे ओट्यावरच बसले होते. त्यांनीही चहा घेतला.

२२ जानेवारी
पोटात नुसता चहा. नकार शून्य.
सरांना म्हटलं, आमच्याकडे "बघू" म्हणजे नाहीच असतं, धरा की. म्हणाले, "स्पष्टच पाहिजे." मग मुदत तरी वाढवा. तर म्हणाले, "बघू."

३० जानेवारी
आज थेट अवसरीला गेले. मला बघून गोरखभाऊ ट्रॅक्टरखाली शिरले. पाय बाहेर. मी पायांशी बोलत राहिले. शेवटी खालून आवाज आला, "दे बाई दोन. पन उद्या येऊ नगंस."
सरांना विचारलं, हा नकार धरायचा का? म्हणाले, "अगं, याला विक्री म्हणतात."
पैसे पप्पांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते खिशात टाकले. तीनपैकी उरलेली एक बैठक मात्र उलटीपालटी करून बघत बसले. मला वाईट वाटलं, एक शब्द तरी बोलायचा.

४ फेब्रुवारी
उरलेली बैठक गायब! शोधत गेले, तर पप्पा मेंढ्यांपाशी तिच्यावरच बसलेले.

८ फेब्रुवारी
व्यापारी आला. चहा आला. "मग भिमाभाऊ, बघायचं का मेंढ्यांचं?"
पप्पा म्हणाले, "न्हाई."
त्याचा कप तोंडाशीच थांबला. आई दारात आली.
"न्हाई इकायच्या. पोरीला लोकर लागती."
महिन्यातला पहिला स्पष्ट नकार. मला दिलेला नाही, म्हणून सर धरणार नाहीत. नाही धरला तर नाही धरला.