चौतीस नंबरचे वजन

मी, लेनर्ड हॅस्किन्स, वय ७९, राहणार टोलेडो, ओहायो, माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र लिहीत आहे. हृदय दमले आहे असे डॉक्टर म्हणतात. डोके ठिकाणावर आहे असेही त्यांनीच लिहून दिले आहे. कोणी बळजबरी केलेली नाही. बळजबरी करायला घरी येते कोण?

१. राहते घर भाची डोरीन हिला द्यावे. नाताळात न चुकता फोन करणारी ती एकटीच. तळघरातला दिवा उशिरा लागतो, तिने घाबरू नये.

२. मेहुणा रॉय याला माझे बर्फाचे फावडे. तीन हिवाळे ते त्याच्याकडेच पडून आहे, आता कायद्यानेही त्याचेच.

३. तळघरातले विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या फुटबॉलचे पत्र्याचे मैदान, सर्व खेळाडूंसह, माझा जुना मित्र ऑर्विल टिबेट याला द्यावे. बटण दाबले की पत्रा थरथरतो आणि बोटाएवढे खेळाडू आपले आपण पळतात. सगळा खेळ वजनाचा. हलका गडी झपकन सुटतो, पण धक्का लागला की भेलकांडतो. जड गडी धक्क्यानेही जागचा हलत नाही. म्हणून आमच्या या खेळाच्या क्लबात कोणीही चार ग्रॅमच्या वर असता कामा नये, आणि सामन्याआधी प्रत्येकाला काट्यावर चढवतात. बायको मर्था गेल्यापासून पंधरा वर्षे मी दोन्ही बाजूंनी एकटाच खेळतो. जिंकलो तरी सांगायला कोणी नसते, हे सोसत नाही.

४. क्लबाने मला दिलेला चषकही ऑर्विललाच. तो माझा नव्हताच. २००१ च्या अंतिम सामन्याआधी त्याने चौतीस नंबरचा गडी वजन करून माझ्याकडे रंगवायला दिला होता. मी हौसेने तीन हात मारले, वर रोगण. परत देताना म्हटले, "पुन्हा तोलून घे रे."

तो हसला. "तू रंगवलास ना? मग कशाला तोलायचं!"

सामन्याच्या दिवशी काटा चार पूर्णांक एकवर थांबला. क्लबप्रमुख गस सगळ्यांसमोर ओरडला, "काय रे ऑर्विल, पोटात शिसं भरलंस की काय?"

ऑर्विल माझ्याकडे वळला. "लेनर्ड, तू तरी सांग यांना."

तो रंगाचा भार आहे, हे मला तत्क्षणी कळले होते. पण त्या सामन्यात त्याच्या समोरच्या बाजूला मीच होतो. मी म्हणालो, "काटा खोटं बोलत नाही, ऑर्विल."

त्याने टोपी उचलली, गडी टेबलावरच सोडला आणि गेला. न खेळताच मी जिंकलो. तो पलीकडच्याच गल्लीत राहतो. दुकानात दिसला की मान हलवतो, थांबत नाही. अठरा वर्षे मी त्याचे दार वाजवले नाही. मी भित्रा आहे.

हे कलम गसने क्लबात मोठ्याने वाचावे, ही अट.

५. ऑर्विल, तू टेबलावर सोडलेला चौतीस नंबर मी ठेवून घेतला होता; त्याचा रंग मी चाकूने खरवडून काढला आहे. आता तो तीन पूर्णांक नऊ भरतो. तरी तू स्वतः तोल, या खेपेला माझ्यावर विसंबू नकोस. माझे अकरा गडी मैदानावर मांडलेले आहेत, ते कोणी हलवू नयेत. समोर तुझे मांड आणि बटण दाब. त्यांना पळायला माझी गरज नाही.

सही: लेनर्ड हॅस्किन्स
टोलेडो, १४ नोव्हेंबर २०१९

आमच्यादेखत सही झाली. साक्षीदार:
१. आयडा क्रुम्, शेजारीण
२. हॉवर्ड निस्ले, पोस्टमन (घरात दुसरे कोणी नसल्याने बोलावून घेतले)